मदत हवी आहे: एचओ स्केलमधला बोरघाट – गाडी चढत नाही आणि कातळ सह्याद्रीचा वाटत नाही

घाटपायथा

नमस्कार मंडळी,

हॉलच्या भिंतीलगत ९ फूट बाय अडीच फूट जागा घरच्यांनी मंजूर केली आहे. अट एकच, खाली पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला जागा राहिली पाहिजे. तिथे एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, बोरघाट करतोय. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिल्यापासून हा किडा डोक्यात आहे.

संपूर्ण घाट करायचा नाही, तेवढं कळतं. मूळ घाट पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढतो. १:८७ ने भागलं तर २९० मीटर रूळ आणि साडेसहा मीटर चढ. म्हणजे गाडी दोन मजले वरच्या शेजाऱ्यांकडे निघेल. मला फक्त तो 'फील' हवाय: एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे, मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावून चढणारी गाडी.

सध्याची स्थिती अशी. १२ एमएमच्या प्लायवर लंबगोल लाइन टाकली आहे. अर्ध्या फेरीत १० सेंमी चढ, अर्ध्या फेरीत उतार. दोन्ही टोकांची वळणं ३६ सेंमी त्रिज्येची, कारण अडीच फुटांत त्याहून मोठी बसत नाहीत. डब्ल्यूएजी-७ या विजेवरच्या मालगाडी-इंजिनाचं मॉडेल आहे. सपाटीवर सहा डबे खेचतं, पण चढावरच्या वळणात तीन डब्यांनाच चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिनात शिसं भरून पाहिलं, किंचित फरक पडला.

दुसरी अडचण मला जास्त छळते आहे. कड्यासाठी थर्माकोल कोरून वर प्लास्टर ऑफ पॅरिस दिलं, राखाडी रंग मारला. दिसतं छान, पण ते स्वित्झर्लंड आहे हो! व्हिडिओ बघावेत तर सगळे आल्प्सचे नाही तर अमेरिकेतल्या रॉकीजचे. बाहेरून मागवलेल्या झाडांच्या पाकिटातही सगळे सूचिपर्णी. खंडाळ्यात पाइनचं बन कुठून आणू?

चढाचं गणित आणि कातळ, दोन्हीवर कुणी हात मारला असेल तर सांगा. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला पत्ता देऊन चालवायची डिजिटल पद्धत) आहे. बजेट बेताचं.

---

सांधेवाला

इंजिनाचा दोष नाही, वळणाचा आहे. खऱ्या बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. तुमचा सरासरी ३.२ च्या पुढे जातो. पण खरा मार वेगळाच आहे. वळणात चाकांच्या कडा रुळाला घासतात आणि चढ असल्यासारखाच विरोध होतो. अमेरिकन मॉडेलवाले एक ठोकताळा वापरतात: ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, येईल तेवढे टक्के चढात मिळवा. तुमची त्रिज्या १४ इंच, म्हणजे २.३ टक्के. एकूण साडेपाच. इंजिन बिचारं साडेपाच टक्क्यांच्या घाटावर आहे.

डब्यांचं वजनही करा. एचओसाठीची प्रचलित शिफारस म्हणजे १ औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. साडेनऊ-पावणेदहा इंचांचा आपला आयसीएफ धाटणीचा प्रवासी डबा १६५ ग्रॅमच्या आसपास हवा. फार हलका असेल तर वळणात आतल्या बाजूला कलंडतो, जड केलात तर इंजिन आणखी रडतं.

हेलिक्सचा, म्हणजे स्प्रिंगसारखा गोल फिरत चढणाऱ्या रुळाचा, सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. ३६ सेंमी त्रिज्येचा एक वेढा सव्वादोन मीटरचा. २.७ टक्क्यांनी त्यात जेमतेम ६ सेंमी चढ मिळतो. त्यातून प्लाय आणि रुळाची जाडी वजा केली की गाडीचं छपरच वर टेकेल. ओव्हरहेड वायर तर विसराच.

---

मंकीहिल

घाटात जागा नव्हती म्हणून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवाल्यांनी १८६३ मध्ये काय केलं? रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी तिरकी चढत एका टोकाला जायची, थांबायची, दिशा बदलायची आणि उलट्या बाजूला पुढचा चढ चढायची. १९२९ पर्यंत हे चाललं. तुमच्याकडेही जागा नाही, तेव्हा तेच करा!

डावीकडून रूळ चढत उजवीकडे न्या. तिथे सपाट जागेवर एक सांधा (जिथून गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते) आणि त्यापलीकडे गाडी मावेल एवढी लाइन. सांध्यातून दुसरी लाइन मागे डावीकडे चढत जाईल. वळण जवळपास नाहीच, म्हणजे ३७ ला १ चा चढ खरोखर ३७ ला १ च राहील. दीड-दीड मीटरच्या दोन टप्प्यांत डाव्या टोकाशी दोन रुळांमध्ये ८ सेंमीचं अंतर पडतं. डोळ्यांना ते भरपूर दिसतं, कारण कड्यावर एकाच नजरेत दोन मजल्यांवर रूळ येतात.

गाडी आखूड ठेवा, इंजिन आणि दोन डबे, नाही तर टोकाची लाइनच सगळी जागा खाईल. दोन्ही टोकांना इंजिन लावलं तर रिव्हर्सिंगला काही जोडा-तोडावं लागत नाही आणि बँकरचीही हौस भागते. डीसीसीत दोन्ही इंजिनं एकाच पत्त्यावर चालवता येतात.

---

शुद्धतावादी

रिव्हर्सिंग स्टेशनवर डब्ल्यूएजी-७? तिथे वाफेचीच इंजिनं हवीत. विजेची गाडी घाटात आली आणि रिव्हर्सिंग गेलं, हा जवळपास एकाच वेळचा बदल. शिवाय तुमचा रूळ १६.५ मिमीचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ ला १९.३ मिमी हवा. आधीच गाडी अरुंद रुळावर उभी आहे, त्यात इतिहासाचीही ओढाताण.

---

मंकीहिल

१९.३ मिमीचा रूळ आणि त्यावरची चाकं स्वतः करायची तर माणूस निवृत्त होईल. भारतीय गाड्या करणारे बहुतेक जण १६.५ वरच चालवतात आणि सुखात आहेत. जुन्या काळाची गाडी हवी तर ब्रिटिश धाटणीचं एखादं टँक इंजिन सेकंडहँड मिळतं. ती मॉडेल १:७६ ची असतात, पण रूळ तोच लागतो.

---

काळाकातळ

कातळाबद्दल लिहितो, चढाचं वरच्यांनी आटोपलंच आहे.

तुमचा डोंगर आल्प्सचा वाटतो तो रंगामुळे नाही, आकारामुळे. तुम्ही शिखरं कोरलीत. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. कठीण बेसॉल्टचा उभा कडा, त्याखाली मऊ, सच्छिद्र थराचा झिजलेला उतार आणि त्यावर गवत, पुन्हा कडा, पुन्हा उतार. माथा सपाट. दोन थरांमध्ये कुठे तरी विटकरी-लाल मातीची बारीक रेघ दिसते. खंडाळ्याच्या खिडकीतून समोरच्या डोंगराचा फोटो काढा आणि त्यावर आडव्या रेघा मारा, लगेच कळेल.

करायचं कसं? थर्माकोल एकसंध कोरू नका. एक-दोन इंची पाट्या आडव्या रचा, प्रत्येक वरची थोडी मागे सरकवा. कडा सुरीने कापू नका, हाताने मोडा. चिकटवायला फेविकॉल चालतो, पण दोन पाट्यांच्या मधोमध हवा लागत नाही म्हणून रात्रभरात वाळेल अशी आशा धरू नका, दोन दिवस द्या. चपला चिकटवायचा रबरी गम आणि स्प्रेचा रंग थर्माकोलच्या जवळही आणू नका, विरघळतो.

वर कापडाचं कवच. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्याला दगडांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचो ना, तेच इथे. जुन्या सुती धोतराचे तुकडे पातळ प्लास्टरमध्ये बुडवून पांघरा. वाळल्यावर फक्त कड्यांच्या जागी प्लास्टरचा जाड हात द्या आणि ते चीजसारखं घट्ट झालं, पण पुरतं वाळलं नाही, अशा वेळी जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने उभ्या भेगा पाडा. ही वेळ दहा-पंधरा मिनिटांचीच असते, त्यामुळे एका वेळी वीतभरच करा.

रंग: राखाडी डब्बा बाजूला ठेवा. कोरड्या प्लास्टरवर पाणी मारून पातळ केलेला तपकिरी, पिवळी माती आणि काळा असे तीन रंग स्पंजने ठिपक्याठिपक्यांनी टाका, एकमेकांत मिसळू द्या. मग सगळ्यावर खूप पातळ काळी शाई, ती भेगांत जाऊन बसते. शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने फिकट राखाडी फक्त उठावावर. पाणी झिरपतं त्या जागी उभे काळे ओघळ ठेवा, घाटात ते हमखास असतात.

---

करवंद

काळाकातळ यांना शंभर टक्के. हिरवाईबद्दल थोडं. आधी ऋतू ठरवा. जुलै ठरवलात तर सगळं एकच हिरवं, आणि धबधबे हवेतच. धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन सीलंट बेकिंग पेपरवर उभ्या रेघांत ओढा, वाळल्यावर सोलून कड्याला चिकटवा, वर पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश. मी सप्टेंबरअखेर निवडेन: गवताची टोकं पिवळी पडू लागलेली, उतारांवर सोनकीचे पिवळे ठिपके. चाळलेल्या फोमच्या भुग्यात थोडा पिवळा मिसळला की काम झालं.

चहाच्या चोथ्याची झाडं बऱ्याच जणांना सुचतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. लाकडाचा भुसा रंगवून वापरा. आणि प्लायला खालून-वरून दोन्ही बाजूंनी प्राइमर द्या, एकाच बाजूने दिलात तर पावसाळ्यात तो वाकणार आणि सांधा पहिला बोंबलणार.

---

घाटपायथा

मंडळी, दंडवत. 'शिखरं कोरलीत' हे वाचून लेआऊटकडे पाहिलं, आणि खरंच तिथे आल्प्समधल्या टोकदार मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रत उभी आहे. आज रात्रीच पाडतो.

ठरलं असं: खाली सपाट लंबगोल, कारण मुलीला गाडी गोल फिरताना पाहायची असते. तिथे डब्ल्यूएजी-७ मजेत चालेल. त्याच्या वर ८ सेंमी उंचीपासून रिव्हर्सिंगची चढण, मागच्या कड्यात. दोन्हींमध्ये जोडणी नाही. शुद्धतावाद्यांनी वरच्या लाइनला १९२० आणि खालच्या लाइनला आजचं साल समजावं. वरच्या लाइनची दोन्ही डावी टोकं बोगद्यात शिरतील, आणि तिथून गाडी फळीवरच्या सुट्या रुळावर काढून उचलून घेईन.

एकच शंका उरली. खालच्या लंबगोलाची मागची बाजू आता पूर्ण कड्याखाली जाईल. भिंतीकडून हात जात नाही. तिथे डबा घसरला तर?

---

सांधेवाला

घसरणारच. गाडी बोगद्यातच घसरते, हा या छंदाचा नियम आहे. कडा कायमचा चिकटवू नका. वरचा कडा दोन-तीन तुकड्यांत करा, जोड त्या आडव्या थरांच्या रेषेवरच लपवा आणि तुकडे नुसते बसवून ठेवा. खालून प्लायला हात कोपरापर्यंत जाईल एवढी दोन भोकं ठेवा, गाद्या सरकवून आत जाता येईल अशी. बोगद्यातले रूळ पुरे पक्के करून, आठवडाभर गाड्या पळवून पाहिल्यावरच वर डोंगर चढवा. सांधा मात्र एकही आत ठेवू नका.