जुनं फुटबॉल हेल्मेट शोकेसमध्ये ठेवायचंय, रंगवू का?

कोलंबसकर:
नमस्कार मंडळी. शेजारच्या आजोबांनी त्यांचं हायस्कूलच्या टीममधलं रिडेल कंपनीचं हेल्मेट आमच्या मुलाला दिलंय, सत्तरच्या दशकातलं. अर्थात अमेरिकन फुटबॉलचं. शेलवर (बाहेरच्या कडक कवचावर) ओरखडे आणि लाल-निळे डाग आहेत, फेसमास्कचे (तोंडासमोरच्या जाळीचे) स्क्रू गंजलेत, आतल्या फोमचा भुगा पडतोय. थिनरने साफ करून नवीन रंग मारावा म्हणतोय. कुठला रंग घेऊ?

गॅरेजवाला:
थिनर आणि अ‍ॅसिटोन लांबच ठेवा! शेल पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचं असेल तर त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्या परत बुजत नाहीत. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं, एवढ्याने निम्मं काम होतं. रंगवायचंच असेल तर ६०० चा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, मग प्लॅस्टिकला रंग धरून ठेवणारा प्रायमर, त्यावर गाडीचा रंग आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. प्रत्येक हात पातळ.

मृदुला_ओहायो:
दादा, रंगवायच्या आधी थोडं थांबा. ते लाल-निळे डाग म्हणजे समोरच्या टीमच्या हेल्मेटचा रंग आहे, टक्कर झाली तिथे घासून बसलेला. आजोबा खेळले त्याचा पुरावाच तो. वॉटर पेपर फिरवलात की पाच मिनिटांत गेला. स्टिकर असतील तर तेही सोलू नका. आपल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीममध्ये चांगल्या खेळासाठी हेल्मेटवर बकाय झाडाच्या पानाचं स्टिकर द्यायची प्रथा १९६८ पासून आहे, पुढे कितीतरी शाळांनी तसंच सुरू केलं. कुठलं स्टिकर कशाबद्दल मिळालं, ते आजोबांना विचारून लिहून ठेवा. माझं मत स्पष्ट आहे: धूळ काढा, गंज थांबवा, बाकी काही नको.

कोलंबसकर:
मागच्या बाजूला तीन स्टिकर आहेत, कडा उचकटल्यात. पटलं, रंग रद्द. पण स्क्रू हलतच नाहीत.

गॅरेजवाला:
मृदुलाताईंचं बरोबर आहे, मूळ रंग टिकलाय तर राहू दे. स्क्रूच्या डोक्यावर गंज सोडवायच्या तेलाचा एकच थेंब टाका, रात्रभर ठेवा. तेल शेलवर ओघळलं तर लगेच पुसा. आतला नट पकडीत धरून मगच स्क्रू फिरवा, नाहीतर दोन्ही सोबत गरागरा फिरतात. तरी नाही सुटला तर फेसमास्कची प्लॅस्टिकची क्लिप कापा. क्लिप नवीन मिळते, शेलला तडा गेला की संपलं.

मृदुला_ओहायो:
भुगा झालेला फोम वाचत नाही. सुटलेले कण काढून आत आम्लविरहित टिश्यू पेपरचा बोळा भरा, आकार टिकतो. शोकेस खिडकीसमोर नको, उन्हाने स्टिकरचा रंग उडतो. आणि मुलाला ते घालून खेळू देऊ नका, अगदी अंगणातसुद्धा. इतकं जुनं शेल आणि मेलेला फोम डोकं वाचवत नाही.