शिरा निळ्या दिसतात, मग रक्त निळं असतं का?

प्रश्न: लेक सातवीत आहे. तिचं म्हणणं, शरीरातून हृदयाकडे परतणारं रक्त निळं असतं, वर्गात सगळेच असं सांगतात. चित्रातही शिरा निळ्या, धमन्या लाल. मला पटत नाही, पण समजावताही येत नाही. मदत कराल का?

उत्तर: ताई, माणसाचं रक्त कधीच निळं नसतं. तपासणीसाठी सुई शिरेतच टोचतात ना? नळीत येतं ते गडद लाल. हिमोग्लोबिनमधल्या लोहाने ऑक्सिजन धरला की रंग भडक, सोडला की काळपट. निळेपणा प्रकाशामुळे दिसतो. लाल प्रकाश त्वचेत खोल जातो आणि शिरेतलं रक्त त्यातला बराच शोषून घेतं. निळा वरच्या थरांतूनच परततो. चित्रातले रंग निव्वळ ओळखीसाठी.

दुसरं उत्तर: खरं निळं रक्त ऑक्टोपसचं! त्यात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं. हृदयं तीन: दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी शरीरासाठी. लेकीला हे जरूर सांगा.

प्रश्नकर्ती: सांगितलं. आता विचारतेय, झाडांत असं काही असतं का?

पहिलाच उत्तरदाता: फार छान प्रश्न! शेंगवर्गीय रोपाच्या मुळावरची ताजी गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसेल. ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या हिमोग्लोबिनचं नातेवाईकच. गाठीतल्या जिवाणूंचं नायट्रोजन बांधणारं एन्झाइम ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हे प्रथिन मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वसनापुरता बेताने पुरवतं. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली, तर तिचं काम थांबलंय समजा.