काळ्या जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचा माग : ट्रिटियम की ड्युटेरियम?

प्रश्न
दौंड तालुक्यातील काळ्या जमिनीत पावसाचे किती पाणी उसाच्या मुळांखाली उतरून मुरमापर्यंत पोहोचते, हे मला पदव्युत्तर प्रबंधासाठी मोजायचे आहे. पाण्याचा माग काढण्यासाठी जुन्या अहवालांत ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) जमिनीत टोचण्याची पद्धत आढळते, तर पुण्यातील माझे मार्गदर्शक ड्युटेरियम (हायड्रोजनचाच दुसरा जड प्रकार) सुचवतात. खर्च मर्यादित आहे. पाण्यात विरघळणाऱ्या ब्रोमाइड क्षारावर भागेल का?

प्रतिसाद १
ट्रिटियम पावसाळ्यापूर्वी मुळांच्या थराखाली टोचतात आणि पावसाळा संपल्यावर थराथराने माती काढून त्याचे शिखर, म्हणजे ते सर्वाधिक सापडते ती खोली, किती खाली सरकले ते पाहतात. शिखर ४० सेंटिमीटर सरकले आणि मातीत आकारमानाने ३० टक्के ओलावा असला, तर १२० मिलिमीटर पाणी खाली गेले, असा तो हिशेब आहे. मात्र नवे पाणी जुन्या पाण्याला सरसकट खाली ढकलते, हे त्यात गृहीत धरलेले असते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या जमिनीत पहिल्या जोरदार पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली उतरते आणि दोन भेगांमधले ढेकूळ आतून कोरडेच राहते. म्हणून एकाच शिखरावर विसंबू नये. भेगेलगतची आणि ढेकळाच्या पोटातली माती वेगवेगळी तपासावी. शिवाय ट्रिटियम किरणोत्सारी असल्याने (अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे) परवानगीचे सोपस्कार आलेच. ड्युटेरियम स्थिर आहे. माझे मत त्याच्याच बाजूने आहे.

प्रतिसाद २
ब्रोमाइड स्वस्त आहे, पण चिकणमातीचे कणही त्याच्यासारखेच ऋणभारित असल्याने तो त्यांच्यापासून दूर लोटला जातो आणि पाण्याच्या थोडा पुढे धावतो. ड्युटेरियम पाण्याच्या रेणूतच असतो. दोन्ही एकत्र सोडल्यास हा फरकही मोजता येईल.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. शेताला खडकवासल्याच्या कालव्याचेही पाणी मिळते. ते पावसाच्या पाण्यापासून वेगळे कसे ओळखावे?

प्रतिसाद १
त्यासाठी पाण्यातल्या नैसर्गिक ड्युटेरियमबरोबर ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) मोजावा. पावसाच्या नमुन्यांत या दोघांचे नाते आलेखावर साधारण ८ उताराच्या रेषेवर बसते, तर बाष्पीभवन झालेले पाणी कमी उताराच्या रेषेने तिच्यापासून ढळते. धरणात उन्हाळा काढलेले पाणी असे ढळलेले असण्याची शक्यता असते, पण शेतातल्या वरच्या थराचेही तेच होते. म्हणून कालव्याचे नमुने प्रत्येक पाळीला स्वतंत्र घ्यावेत. सोडलेल्या ड्युटेरियमने नैसर्गिक प्रमाण झाकले जात असल्याने ही तपासणी शेजारच्या, काहीही न सोडलेल्या वाफ्यात करावी. मातीचा नमुना काढताक्षणी हवाबंद करावा. पिशवी थोडा वेळ जरी उन्हात उघडी राहिली, तरी त्या नमुन्यावर विश्वास ठेवता येत नाही.