मदत हवी आहे: शनिवारी शिक्षकांची कार्यशाळा आहे आणि आर्डुइनोचे बोर्ड संगणकाला दिसतच नाहीत

शहाद्याचा_मास्तर | मंगळवार, रात्री ९.५०
नमस्कार मंडळी. तातडीने मदत हवी आहे. शनिवारी आमच्या केंद्रातल्या सहावी ते आठवीच्या विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा ठेवली आहे. आर्डुइनोचे (संगणकावरून प्रोग्राम चढवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक) बोर्ड आणलेत, मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणलेत. बोर्ड संगणकाला जोडला की त्याचा लाल दिवा लागतो, पण सॉफ्टवेअरमध्ये पोर्टच (संगणक ज्यातून बोर्डाशी बोलतो ती जोडणी) येत नाही. एकाही संगणकावर नाही. दोन दिवस शाळा सुटल्यावर बसतोय. कुणाला माहीत असेल तर कृपया लगेच सांगा, वेळ नाही.

तापीकाठ | १०.०५
सर, बोर्ड कोणता? ऊनो की नॅनो? किती आहेत? शिक्षक किती? संगणकात विंडोज कोणतं? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

शहाद्याचा_मास्तर | १०.१२
छोटे, निळे. १२ आहेत. शिक्षक ३६. संगणक शाळेच्या लॅबमधले, तेही १२.

तापीकाठ | १०.२०
छोटे निळे म्हणजे नॅनो, आणि बाजारात मिळणारे स्वस्त नॅनो बहुतेक सगळे नकलेचे. त्यांच्यावर सीएच ३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती चिप ओळखू देणारा प्रोग्राम, वेगळा टाकावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वाइंडिंग_भुसावळ | १०.४१
मास्तर, मी मोटारी भरतो, शिकवत नाही. पण मुलाच्या शाळेत दोनदा जाऊन आलोय म्हणून सांगतो. हे बोर्ड-बिर्ड सोडा. शिक्षकांना मोटर बनवायला लावा. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि तांब्याची इनॅमलची तार. तार विकत घेऊ नका. कोणत्याही रिवायंडिंगच्या दुकानात जा, जळालेल्या पाणबुडी मोटारीच्या कामातले उरलेले तुकडे पडलेले असतात, शाळेसाठी म्हटलं तर कोणी पैसे घेत नाही. १०-१५ वेढ्यांचं कडं करा, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढा. आता खरी गोष्ट: एका टोकाचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर कडं नुसतं इकडून तिकडे हलतं, फिरत नाही. कारण अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो. त्या अर्ध्या फेरीत प्रवाह बंद व्हायला हवा, म्हणून अर्धं इनॅमल राहू द्यायचं. हे एकदा हातानं केलं की कम्युटेटर, म्हणजे मोटर एकाच दिशेनं फिरत ठेवणारा भाग, जन्मभर विसरत नाही.

नंदुरबारची_मॅडम | १०.५८
वाइंडिंग भाऊ, मोटर चांगलीच आहे, पण ती आम्ही बीएडलाच केली. आता मुलं मोबाइल घेऊन वर्गात बसतात आणि त्यातला प्रोग्राम कोण लिहितं ते त्यांना माहीत नाही. शिक्षकांनी कोडिंग शिकलंच पाहिजे. सरांनी योग्य विषय घेतलाय, त्यांना मागे ओढू नका.

वाइंडिंग_भुसावळ | ११.०४
मागे ओढत नाही ताई. शनिवारी दुपारी लाइट गेली तर १२ संगणक काय करतील, एवढंच विचारतोय. मोटर सेलवर चालते.

खिरोद्याकडचा | बुधवार, सकाळी ६.३०
मी निवृत्त विज्ञान शिक्षक. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली मुंबईत सुरू झालं आणि त्याच दशकात त्यांची मंडळी आमच्या रावेर तालुक्यात खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांतल्या विज्ञानावर काम करायला आली होती. तिकडे मध्य प्रदेशात १९७२ पासून होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम चालू होता. त्यातलं मुख्य सूत्र हेच की जो प्रयोग मुलांनी करायचा तो आधी शिक्षकानं स्वतः, मुलासारखाच, करायचा. नंतर अरविंद गुप्तांनी काडेपेटी, सायकलची व्हॉल्व ट्यूब, रिकामी रिफिल अशा वस्तूंतून शेकडो खेळणी केली, ती सगळी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. साधन स्वस्त हवं म्हणजे शिक्षक ते वापरायला घाबरत नाही. साधन महाग आलं की कपाटात जातं.

शहाद्याचा_मास्तर | सकाळी ७.१५
सर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मागच्या एका प्रशिक्षणात आम्ही ६० जण दिवसभर पडद्याकडे बघत बसलो. किटचा खोका टेबलावर होता, त्याची चिकटपट्टीसुद्धा शेवटपर्यंत काढली नाही. माझ्या हाताला त्या दिवशी एक तारसुद्धा लागली नाही. शाळेत आलेलं सामान डेडस्टॉकला (कायम सामानाच्या नोंदवहीत) चढतं, मग तुटलं तर वसुली होईल या धास्तीनं कोणी हात लावत नाही. म्हणून या वेळी मी मुख्याध्यापकांशी आधीच बोललो आहे: कार्यशाळेत जे जळेल ते जळेल. प्रत्येकानं स्वतः वायर लावायची. यावर मी ठाम आहे. पण पोर्ट दिसत नाही हो! तापीकाठ सर, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणला, डबल क्लिक केलं तर उघडतच नाही. डॉट ईएक्सई फाइल आहे. आता काय?

केंद्रातला_एक | ७.४०
सर, केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत मुलांची नोंदणी केली का? निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर १०,००० रुपये जमा होतात.

नंदुरबारची_मॅडम | ७.४४
सरांनी हे विचारलंच नाही. वेगळा धागा काढा ना.

तापीकाठ | ७.५२
डॉट ईएक्सई उघडत नाही म्हणजे तिथे विंडोज नाहीच. सर, पडदा कसा दिसतो ते नीट सांगा.

शहाद्याचा_मास्तर | ८.०५
डावीकडे उभी पट्टी आहे, मागचं चित्र जांभळं-केशरी. संगणक असेच आले होते.

तापीकाठ | ८.१०
ते उबुंटू आहे, विंडोजच्या जागी चालणारी वेगळी प्रणाली. हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं सर. उबुंटूत सीएच ३४० चा ड्रायव्हर आधीपासूनच असतो, टाकायचा नसतो. मग केबल बघा. केबल कुठून आणल्या?

शहाद्याचा_मास्तर | ८.१२
मोबाइलच्या दुकानातून. बोर्डाबरोबर आल्या नव्हत्या. मायक्रो पिनच्या आहेत.

तापीकाठ | ८.१८
त्यातल्या काही फक्त चार्जिंगच्या निघतील. त्यांच्या आत वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या दोन नसतातच. दिवा लागतो, पोर्ट येत नाही, अगदी तुमचीच तक्रार. प्रत्येक केबलनं एखादा जुना फोन संगणकाला लावा. फोनमधले फोटो दिसले तर केबल चांगली. नाही दिसले तर तिला गाठ मारून बाजूला ठेवा, नाहीतर पुन्हा मिसळते.

चाळीसगाव_पाटणा | दुपारी १.२०
धागा वाचला. आमच्या चाळीसगावजवळ पाटण्याला इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. शिक्षकांना तिथे न्या. आणि प्रयोग हवा असेल तर अंगणात काठी रोवून सावली मोजा, तिला ना वीज लागते ना पोर्ट. खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. पहिला दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, तेव्हा शाळेला सुट्टी; दुसरा जुलैत, तेव्हा ढग. म्हणून मुलांनी तो कधी बघितलेलाच नसतो.

रावेरची_केळी | दुपारी २.०२
केळ्यातून डीएनए काढण्याचाही प्रयोग घ्या. पिकलेलं केळं कुस्करा, मीठ, भांडी घासायचं लिक्विड, गाळा आणि वरून थंडगार स्पिरिट कडेनं सोडा. पांढरे तंतू वर येतात. स्पिरिट बर्फात ठेवलेलं हवं. मी उन्हाळ्यात तसंच वापरलं तर चिकट पाण्याशिवाय काही दिसलं नाही.

शहाद्याचा_मास्तर | संध्याकाळी ६.३५
१२ केबलींपैकी ५ चार्जिंगच्या निघाल्या! सात चांगल्या. तरीही पोर्ट नाही. पण एक गोष्ट बघितली: बोर्ड जोडल्यावर पोर्ट एक सेकंदभर दिसतो आणि जातो. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

उबुंटू_धुळे | ६.५०
हे सोनं सांगितलंत सर. उबुंटूची २२.०४ आवृत्ती असणार. त्यात अंध व्यक्तींच्या ब्रेल यंत्रासाठी एक प्रोग्राम आधीपासून असतो, नाव बीआरएलटीटीवाय. एका ब्रेल यंत्राची ओळख-संख्या आणि सीएच ३४० ची ओळख-संख्या एकच आहे. त्यामुळे तुमचा बोर्ड लागला की तो प्रोग्राम समजतो ब्रेल यंत्र आलं, आणि पोर्ट स्वतःकडे ओढून घेतो. तो प्रोग्राम काढून टाका. त्याला इंटरनेट लागत नाही, ॲडमिनचा पासवर्ड लागतो. मात्र शाळेत कोणी दृष्टिहीन शिक्षक किंवा विद्यार्थी ब्रेल यंत्र वापरत असेल तर त्यांच्या संगणकाला हात लावू नका. मग परवानगी नाही असं आलं तर तुमचं नाव डायलआउट गटात (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) घाला, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. दोन्ही कमांड व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आश्रमशाळा_धडगाव | रात्री ८.१५
आमनाकडे बी तेच शे भाऊ. आठ महिने बोर्ड पडून आहेत, आम्ही खराब समजलो होतो. मलाही पाठवा.

ठिबकवाला_चोपडा | रात्री ८.४०
ओलाव्याच्या सेन्सरबद्दल शेतकरी म्हणून सांगतो. ते दोन काटे सतत विजेवर ठेवू नका. ओल्या मातीत काही दिवसांत गंजून खाल्ले जातात. प्रोग्राममध्ये मोजायच्या वेळीच वीज द्या, मग बंद. आणि आकडा कोरड्या मातीत मोठा येतो, १०२३ च्या जवळ, ओल्यात कमी होतो. शिक्षकांना हे आधी सांगा, नाहीतर सगळे उलटं वाचतील. काळी माती आणि नदीकाठची रेताड यांचे आकडे जुळत नाहीत. प्रत्येकाला आपापल्या गावची मूठभर माती आणायला सांगा.

खिरोद्याकडचा | रात्री ९.००
गावची माती. फार चांगलं सुचवलं. तेवढं नक्की करा.

शहाद्याचा_मास्तर | गुरुवार, रात्री ८.२०
पोर्ट आला!! पासवर्ड साठा नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेला सापडला. उबुंटू सरांचे उपकार. आता अपलोड करताना सिंक होत नाही असं काहीतरी येतं. आणि एक अडचण: १२ बोर्ड, ३६ शिक्षक. एका बोर्डावर तिघे बसले तर तिसरा बघतच बसणार. मला तेच नकोय.

तापीकाठ | ८.२६
नॅनोचं जुनं बूटलोडर (बोर्डावर प्रोग्राम चढवून घेणारा आतला छोटा प्रोग्राम) आहे. टूल्समध्ये प्रोसेसर या ओळीत जुनं बूटलोडर निवडा, लगेच चढेल.

नंदुरबारची_मॅडम | ८.३५
तिसऱ्या शिक्षकासाठी: दोन गट करा, १८-१८. एक गट आर्डुइनोवर, दोघांना एक बोर्ड, म्हणजे ९ लागतील आणि ३ हाताशी राहतील. दुसरा गट वाइंडिंग भाऊंची मोटर बनवेल. जेवणानंतर अदलाबदल. भाऊ, परवा मी जरा घाईत बोलले. लाइट गेली तर तुमचा गट चालू राहील.

वाइंडिंग_भुसावळ | ८.५१
ताई, मनात काही नाही. मास्तर, ३६ जणांना पुरेल एवढी तार बाजूला काढतो. शहाद्याकडे जाणाऱ्या एसटीत कंडक्टरकडे देऊ का?

शहाद्याचा_मास्तर | ८.५५
द्या भाऊ, स्टँडवर मी स्वतः येतो.

शहाद्याचा_मास्तर | रविवार, सकाळी १०.१०
कार्यशाळा झाली. ३४ आले. केबल नव्या घेतल्या, एकेक फोन लावून तपासून. दोन बोर्ड जळाले, दोन्ही वेळा तारा उलट्या लागल्या होत्या. ज्या मॅडमकडून पहिला जळाला त्या घाबरून माझ्याकडे बघत होत्या. मी नवा बोर्ड त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा लावा म्हटलं. दुसऱ्यांदा बरोबर लागला. ब्राह्मणपुरीकडच्या सरांनी आणलेली काळी माती आणि तापीकाठची रेताड माती दोघांनी शेजारी ठेवून सारखंच पाणी घातलं. आकडे वेगळे आले आणि त्यावर जेवणाची वेळ होईपर्यंत वाद चालला. मोटरीच्या गटात ११ जणांनी आधी दोन्ही टोकं पूर्ण खरवडली. फिरेना. कारण सांगायला मी मुद्दाम गेलो नाही. एका सरांना स्वतःच सुचलं, त्यांनी नेलपॉलिश मागवून अर्धी बाजू पुन्हा रंगवली आणि मोटर फिरली. तिकडे सगळे उठून बघायला गेले.

लाइट साडेतीनला गेली, चारला आली.

वाइंडिंग_भुसावळ | १०.३०
नेलपॉलिश आम्हालाही सुचलं नव्हतं. तार किती उरली?

शहाद्याचा_मास्तर | १०.४१
बरीच उरली होती. सगळ्यांनी आपापल्या वर्गासाठी वाटून नेली, कपाटात काही ठेवलं नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या केंद्राला हवी आहे. गेज कोणता मागायचा भाऊ?

वाइंडिंग_भुसावळ | १०.४४
२४. बारीक घेतली तर टोकं वजनानं वाकतात.