रानात फिरून मिळतं ते 'समाधान' की 'सांत्वन'?

जांबोटीची_वाट
नमस्कार मंडळी. आप्पांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला घरातल्या सगळ्यांनी आठवणी लिहून छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय. धाकट्या वहिनी हुबळीकडच्या. त्यांनी कन्नडमध्ये लिहिलंय आणि मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. आप्पा गेल्या माघात गेले. त्यानंतर चैत्रात वहिनी आणि आमची आत्या, म्हणजे आप्पांची बहीण, दोघी सकाळी बेळगावजवळच्या जांबोटीच्या बाजूला रानात फिरायला जायच्या. वहिनींचं वाक्य असं: 'काडिनल्लि तिरुगाडिदाग मनस्सिगे समाधान आयितु.' मी लिहिलं, 'रानात फिरल्यावर मनाला समाधान झालं.' पुण्याच्या चुलतभावानं त्यावर रेघ मारली. म्हणाला, घरातला माणूस गेल्यावर समाधान कसलं? वाचणारे काय समजतील? त्यानं तिथं 'सांत्वन' घातलं. मला ते पटत नाही, खरं का पटत नाही ते नीट सांगता येईना. तुम्ही काय लिहाल?

अर्थशोधक
तुमचं खटकणं बरोबर आहे. सांत्वन हे बोलण्याचं काम आहे. साम, दाम, दंड, भेद यातला 'साम' आणि 'सांत्व' संस्कृतात समानार्थी, म्हणजे गोड बोलून शांत करणं. सांत्वनाला करणारा लागतो आणि ते शब्दांनी होतं. रान कुणाचं सांत्वन करत नाही. शिवाय कन्नडमध्येही 'सांत्वन' शब्द चांगला रुळलेला आहे. वहिनींना तेच म्हणायचं असतं तर त्यांनी तोच वापरला असता.

मायमराठी_सीमा
चुलतभावाचं बरोबर आहे. मराठी कानाला 'समाधान झालं' म्हणजे मनासारखं झालं, इच्छा पुरी झाली. जेवून समाधान होतं, निकाल लागल्यावर होतं. कन्नडमध्ये रडणाऱ्या पोराला 'समाधान माडको', म्हणजे शांत हो, म्हणतात, तिथं अर्थ वेगळा. 1956 पासून आपण इथं कर्नाटकातल्या सीमाभागात मराठीसाठी झटतोय. शाळा, पाट्या, कागदपत्रं, प्रत्येक गोष्टीसाठी भांडतोय. निदान घरच्या पुस्तिकेत तरी कन्नड अर्थ मराठी शब्दात घालू नये. 'दिलासा' लिहा, प्रश्न मिटला.

मलप्रभाकाठ
'दिलासा' फारसीतून आला तो चालतो आणि 'समाधान' शेजारच्या कन्नडमधून आला तर चालत नाही, हे कसं? आणि तो कन्नड अर्थ मुळात परका नाहीच. सम् + आ + धा, सैरावैरा झालेलं एका जागी नीट ठेवणं. 'समाधी' याच मुळातून निघालाय. वेदान्तातल्या शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान या षट्संपत्तीतलं समाधान म्हणजे चित्ताचं ठिकाणावर येणं, इच्छा पुरी होणं नव्हे. मराठीत इच्छापूर्तीचा अर्थ वर आला, कन्नडनं शांतवण्याचा जपला. इथल्या मराठीला दोन्ही कळतात. ती आपली श्रीमंती आहे, ती खोडून काढायची कशाला?

निपाणीकर
मला वेगळीच शंका आहे. 'रानात फिरल्यावर' वाचून आमच्याकडचा माणूस शेतात फिरल्यावर असं समजेल. निपाणी-चिकोडीकडे रान म्हणजे शेत. 'रानात गेलाय' म्हणजे तंबाखूला नाहीतर उसाला पाणी पाजायला गेलाय. वहिनींच्या वाक्यातला 'काडु' म्हणजे जंगल. मग जंगलच लिहा की.

कणकुंबी_वरचं_घर
खानापूरच्या पश्चिमेला रान म्हणजे झाडीच हो, शेताला आम्ही शेत म्हणतो.
मूळ प्रश्नाबद्दल सांगते. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा घरात माणसांची रीघ होती. रक्षाविसर्जन झालं, सोयरे कडू घास घेऊन आले, जो येईल तो आईला तेच सांगायचा, देवाच्या मनात होतं, सावरा आता. आई मान हलवायची. पाडवा झाल्यावर ती एकटीच घरामागच्या रानात जायला लागली. मी पाठोपाठ जायचे. अंजनीला तेव्हा फूल असतं, पान नव्हे तर फांदीच निळी झालेली दिसते. आई त्या फांदीवरून बोट फिरवायची, निळे बारीक तुरे हातावर घ्यायची, बघायची आणि टाकून द्यायची. करवंदीच्या जाळीपाशी वास घेत उभी राहायची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, 'आज जरा जीव निवला गो.' मी तरी 'जीव निवला' असंच लिहीन. तिला समाधान नव्हतं झालं. सांत्वन तर घरात भरपूर झालं होतं, त्यानं काही झालं नव्हतं.

अर्थशोधक
'निवणे' फार सुंदर. तो 'निर्वा'पासून आलेला, म्हणजे 'निर्वाण' त्याच घरातला. विझणं, थंड होणं. तव्यावरची भाकरी निवते, डोळे निवतात, जीव निवतो.

मायमराठी_सीमा
निर्वाणापर्यंत जायची गरज नाही. निवणं म्हणजे गार होणं, आणि रोज भाकरी करणाऱ्या बाईला तो अर्थ कुणी सांगावा लागत नाही. खरं तर हाच शब्द घ्यावा, अस्सल मराठी आहे.

मलप्रभाकाठ
शब्द अस्सल आहे, पण तो वहिनींचा नाही. भाषांतर करताना आपल्याला आवडला म्हणून दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालता येत नाही. निवायला आधी पोळावं लागतं. वहिनींनी पोळल्याचं लिहिलंय का? सासरे गेल्यावर सुनेचं दुःख बहिणीच्या दुःखासारखं असेलच असं नाही. कदाचित त्यांचं मन फक्त विस्कटलं असेल आणि ते जागेवर आलं असेल.

जांबोटीची_वाट
कणकुंबीच्या ताई, तुमच्या आईंचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. आमच्या आत्याचंही असंच होतं.
वहिनींनी पुढं लिहिलंय ते सांगते. आत्याला कन्नड येत नाही आणि वहिनींना तेव्हा मराठी मोडकीतोडकीच यायची. तासभर दोघी जवळजवळ काही न बोलता चालायच्या. कुसुंबाला नवी पालवी आली होती, फुलं वाटावीत इतकी तांबडी. आत्या त्याच्याकडे हात करून म्हणायची, 'कोशिंब.' आप्पा कोशिंबच म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, 'कोशिंब.' पुढं ऐनाच्या खोडावर हात ठेवून आत्या 'ऐन' म्हणायची, वहिनी 'ऐन' म्हणायच्या. आप्पांना ठाऊक असलेली झाडं त्यांनी अशी एकेक करून शिकून घेतली. आप्पांविषयी त्या दोघी रानात कधी बोलल्याच नाहीत. म्हणून 'सांत्वन' मी काढलंच आहे. प्रश्न 'समाधान' आणि 'निवणं' यांचा उरला.

निपाणीकर
ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'खरं का पटत नाही' लिहिलंय, म्हणजे 'पण'. आमच्याकडेही तसंच म्हणतात. पुण्याचा माणूस ते 'खरोखर' असं वाचेल. पुस्तिकेत जपून.

मायमराठी_सीमा
तेच सांगतोय. बोली घरात असू दे, छापताना प्रमाण मराठी हवी. पुस्तिका उद्या नातवंडं वाचतील.

कणकुंबी_वरचं_घर
नातवंडांनी आजोबांच्या घरात बोलतात ती भाषा वाचू नये का? त्यांना प्रमाण मराठी शाळेत मिळेलच. 'खरं' कुठं मिळणार?

मलप्रभाकाठ
सहमत. आणि 'समाधान' त्याच न्यायानं ठेवा. फार तर 'मनाला समाधान झालं' ऐवजी 'मनाचं समाधान झालं' करा.

मायमराठी_सीमा
'मनाचं' केलं तर अर्थ आणखीच इच्छापूर्तीकडे झुकतो. शंकेचं समाधान, गिऱ्हाइकाचं समाधान, तसंच मनाचं. 'मनाला'च बरं, ठेवायचंच असेल तर.

अर्थशोधक
विभक्तीवर इतका भार टाकता येईल असं वाटत नाही. वहिनींनाच का विचारत नाही? आता मराठी येते ना त्यांना?

जांबोटीची_वाट
विचारलं. त्या म्हणाल्या, 'तुम्हाला जे बरोबर वाटतं ते घाला, फक्त झाडांची नावं बदलू नका.' चुलतभावानं कोशिंबचं कुसुंब केलंय, ते मी परत कोशिंब करणार आहे. त्यावर कुणाची हरकत?

निपाणीकर
त्यावर नाही. रानावर आहे. पुस्तिका आमच्या भागातल्या पाहुण्यांकडे जाणार असेल तर 'जंगल' करा.

कणकुंबी_वरचं_घर
जंगल म्हटलं की भीमगडचं अभयारण्य नाहीतर फॉरेस्ट खातं डोळ्यापुढं येतं. दोन बायका सकाळी चहा घेऊन जिथं जाऊन येतात ते रानच. निपाणीत देवळाभोवतीच्या झाडीला काय म्हणता तुम्ही? राई म्हणता का?