रेल्वेच्या रिकाम्या जागा आणि बजेट, संसदेत हे नक्की तपासतं कोण?

सातरस्ता_९८
नमस्कार मंडळी, सोलापूरचा हाय, रेल्वे भरतीचा अभ्यास चालूय. काल अभ्यासिकेत यावरनं लई वाद झाला म्हणून इथं टाकतोय. २०२३ ला माहिती अधिकारात रेल्वेनंच सांगितलेलं की २ लाख ७४ हजारांवर जागा रिकाम्या हायत, त्यातल्या १ लाख ७० हजारांवर सेफ्टीच्या, म्हणजे रुळावरची माणसं, पॉइंट्समन, लोको पायलट वगैरे. मग जानेवारी २०२४ ला असिस्टंट लोको पायलटची जाहिरात आली ती ५,६९६ जागांची, आणि जूनमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात झाला की लगेच त्याच भरतीच्या जागा झाल्या १८,७९९. आता मला सांगा, ह्या १३ हजार जागा दोन-तीन दिवसांत उगवल्या का? आधीपण रिकाम्याच असणार की. मग माझा प्रश्न असा की जागा रिकामी असली तरी तिच्या पगाराचे पैसे बजेटात धरतात का, धरत असतील तर जातात कुठं, आणि दिल्लीत कुणी खासदार बसून हे तपासतं का, का नुसतं अमक्या गाडीला तमक्या स्टेशनला थांबा द्या एवढंच चालतंय?

सोन्नलगीकर
कोण तपासतंय भावा. २०१८ ला आणि २०२३ ला लोकसभेत सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मागितलेले पैसे, चर्चा न करता गिलोटीननं, म्हणजे सगळ्या एकदम मताला टाकून, एका झटक्यात पास केल्या, लाखो कोटींचा मामला आणि वेळ लागला चहा प्यायला लागतो तेवढा. पूर्वी रेल्वेचं बजेट वेगळं असायचं, तेव्हा निदान रेल्वेवर म्हणून बोलणं तरी व्हायचं. २०१७ पासनं ते मेन बजेटमध्ये घातलं, रेल्वेच्या आधी १६ मागण्या असायच्या त्यांची एकच मागणी करून टाकली. आता शोधा त्यात सोलापूर.

जुने_अकौंट
सोन्नलगीकर, सभागृहापुरतं तुमचं बरोबर आहे, पण तपासणी तिथं होतच नाही, त्यामुळे तिथं बघून काही कळणार नाही. मी रेल्वेतला नव्हे, दुसऱ्या एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो, पण पद्धत सगळीकडे तीच.

१९९३ पासून खात्यांवर संसदेच्या स्थायी समित्या आहेत. आधी १७ होत्या, २००४ पासून २४. रेल्वेला स्वतंत्र समिती आहे. एकेका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्र्याला सभासद होता येत नाही. बजेटवर सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृहाला मध्ये सुट्टी असते ना, पेपरवाले लिहितात खासदार गावाकडे गेले, त्याच दिवसांत या समित्या एकेका खात्याच्या अनुदानाच्या मागण्या घेऊन बसतात. रेल्वे बोर्डाचे अधिकारी समोर असतात, आधी लेखी प्रश्नावली जाते, मग तोंडी. गेल्या वर्षी इतके मागितले होते, सुधारित अंदाजात इतके कमी का झाले, खर्च किती झाला, शिल्लक का राहिली, मंजूर पदं किती आणि माणसं किती. बंद दाराआड चालतं म्हणून टीव्हीवर दिसत नाही, नंतर अहवाल सभागृहात ठेवतात.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो सातरस्ता. रिकाम्या जागेचे पैसे कुठंतरी ढिगानं पडून असतात असं लोकांना वाटतं, तसं नसतं. वेतनाचा अंदाज बांधताना मंजूर पदांवर नाही बांधत, कामावर असलेली माणसं आणि वर्षभरात येतील-जातील ती, यावर बांधतात. म्हणजे जागा रिकामी राहिली की पैसा मागितलाच जात नाही, खर्च आपोआप कमी दिसतो, आणि वरच्याला ते बरंच असतं. रेल्वेचं तर १०० रुपये कमवायला ९८ च्या आसपास खर्च होतात, तिथं हात आखडायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे भरती. काम मात्र थांबत नाही, मग तेच काम ओव्हरटाइमवर किंवा ठेकेदाराच्या माणसाकडून होतं आणि ते पैसे दुसऱ्याच शीर्षाखाली पडतात. म्हणून नुसता पगाराचा आकडा बघून काही उमगत नाही, पगार, ओव्हरटाइम आणि कंत्राटी खर्च हे तीन आकडे शेजारी मांडले तर खरं चित्र दिसतं. आणि अजून एक गोम, पद सरेंडर केलं, म्हणजे रद्दच करून टाकलं, की रिक्त पदांची संख्या कमी होते, एकही माणूस न भरता. त्यामुळे रिक्त जागा घटल्या अशी बातमी आली की आधी मंजूर पदांचा आकडा बघायचा, तोच घटलाय का.

बाळीवेस_का_बे
म्हणजे आपल्या झेडपीला पीआरसी येते तसंच की हे? पीआरसी येणार म्हटलं की कुठल्याबी झेडपीत रात्रभर फायली, भिंतींना रंग, शाळेत मास्तर वेळेवर 😂 दोन दिवस सगळं टकाटक, मग परत हाय तसं.

जुने_अकौंट
पंचायत राज समिती विधिमंडळाची, मुंबईची. ती मुख्यतः झालेल्या खर्चाच्या ऑडिट आक्षेपांवरून उलटतपासणी करते, तेही जाग्यावर येऊन. दिल्लीची स्थायी समिती पुढच्या वर्षाला मागितलेल्या पैशावर बोलते. झालेल्या खर्चाला तिथं लोकलेखा समिती आहे, २२ जणांची, १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. रंगरंगोटीचं मात्र खरं आहे, नाकारत नाही.

पंढरपूर_रोडवाली
लोकलेखा समितीचा विषय निघालाच आहे तर ती ज्याच्यावर चालते त्या कॅगचं, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या महालेखापरीक्षकांचं, एक उदाहरण देते, कारण खर्च आणि माणसं दोन्ही त्यात आहेत. २०१७-१८ ला राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला, पाच वर्षांत १ लाख कोटी, फक्त सुरक्षेच्या कामाला. वर्षाचे २० हजार कोटी, त्यातले ५ हजार कोटी रेल्वेनं स्वतःच्या कमाईतून घालायचे ठरलेलं. डिसेंबर २०२२ मध्ये रूळ घसरण्याच्या अपघातांवरचा कॅगचा अहवाल संसदेत ठेवला गेला, त्यात निघालं की रेल्वेनं आपला वाटा बराचसा घातलाच नाही, आणि कोषाच्या पैशातून क्रोकरी, फर्निचर, थंडीची जाकिटं आणि पाय दाबायचं मशीनसुद्धा घेतलं. हो, पाय दाबायचं मशीन!! अहवाल आला तेव्हा कुणी फार ढुंकून पाहिलं नाही, जून २०२३ ला बालासोरचा रेल्वे अपघात झाल्यावर सगळे पेपर तो उघडून बसले. म्हणजे सोन्नलगीकर दादा, तपासणारा असतो, तपासलेलं वाचणारा नसतो.

आणि सातरस्ता, तू एमपीएससी-रेल्वेवाला आहेस तर एक युक्ती सांगते, आम्ही क्लासला हीच करतो. स्थायी समितीच्या मागण्यांवरच्या अहवालाला सरकारनं तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, मग त्या उत्तरांवर समिती पुन्हा एक छोटा अहवाल काढते, कारवाई अहवाल. त्यात पाच प्रकरणं असतात. दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीनं सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांचं उत्तर समितीला पटलं नाही त्या, पाचव्यात अजून उत्तर यायचंय त्या. सरळ चौथं उघडायचं. खातं आणि समिती कुठं भांडले ते तिथंच कळतं, बाकीचं सगळं आभार आणि नोंद घेतली असंच.

सोन्नलगीकर
पटलं नाही म्हणून लिहिलं, पुढं काय? समितीची शिफारस बंधनकारक हाय का? नाही. कपात सूचनेसारखं, म्हणजे मागितलेले पैसे कमी करा असं, काही सुचवायचंसुद्धा नाही असा नियमच हाय त्यांना. वाघ हाय पण दात काढलेला.

पंढरपूर_रोडवाली
बंधनकारक नाही हे खरंच. पण आकडा कागदावर येतो ना, खात्याच्या सहीनं. नंतर कुणीही खासदार तो हातात धरून उभा राहू शकतो.

कुर्डुवाडीकर
आमच्या गावात तर रेल्वेचा कारखाना, त्यामुळं भरतीचा विषय घराघरात. मी पिंक बुक बघायला शिकलोय, बजेटबरोबर येतं, झोनवार कामांची यादी, कुठल्या कामाला यंदा किती पैसे. मध्य रेल्वेचं उघडा, आपल्या विभागातली कामं शोधा, पुढचा आकडा हजारात असतो एवढं लक्षात ठेवा. काही कामांपुढं नुसता १ दिसतो, म्हणजे एक हजार रुपये फक्त. काम जिवंत ठेवायला टाकलेला आकडा तो, त्यात फावडं पण येणार नाही नीट. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्ग बघा, ८४ किलोमीटर, सुरुवातीला ९०४ कोटींचा होता, निम्मा वाटा राज्याचा, आता अंदाज तीन हजार कोटींच्या पुढं गेलाय. ह्याच्यावर कुणीतरी ओळीनं विचारायला पाहिजे की कशानं वाढला, जमिनीनं का उशिरानं.

सातरस्ता_९८
काका, ताई, लई उपयोगाचं सांगितलं, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलेत. आता आपल्या खासदारांच्या ऑफिसला एक मेल करावा म्हणतोय, प्रणितीताईंना. काय लिहू म्हणजे उत्तर गोल गोल येणार नाही? कारण मी संसदेच्या सायटीवर रेल्वेची जुनी उत्तरं वाचली, दर वेळी तेच, जागा रिकाम्या होणं आणि भरणं ही निरंतर प्रक्रिया हाय.

जुने_अकौंट
रिक्त जागा किती, असं विचारलं की तेच उत्तर येणार, कारण तू त्यांना तेवढीच वाट ठेवलीस. अतारांकित प्रश्न द्यायला सांग, म्हणजे ज्याचं उत्तर लेखी येतं तो; तारांकितचं सभागृहात तोंडी देतात. दिवसाला तारांकित २० च, ते लॉटरीवर, अतारांकित २३०, आणि आकडेवारीला लेखी उत्तरच बरं. मजकूर साधारण असा ठेव: सोलापूर विभागात गेल्या पाच वर्षांत दर वर्षी १ एप्रिलला संवर्गनिहाय (पदांच्या गटानुसार) मंजूर पदं, कार्यरत कर्मचारी आणि त्या वर्षात सरेंडर केलेली पदं किती, याच वर्षांत ओव्हरटाइम आणि बाह्यस्रोत कामावर किती खर्च झाला. तारीख घाल, संवर्ग घाल, सरेंडर हा शब्द घाल. तक्ता मागितला की तक्ता द्यावा लागतो, किंवा माहिती गोळा करून पटलावर ठेवू असं आश्वासन द्यावं लागतं, आणि आश्वासनाच्या मागे लागायला आश्वासन समिती वेगळी आहे.

बाळीवेस_का_बे
अजून एक समिती 😂 काका तुम्ही थांबा आता. सातरस्ता, मेल टाकलास की हितं पण टाक, आमी पण आपापल्या नावानं पाठवतो, एकाचा गेला तर फोल्डरात जातोय, पन्नास गेले तर कुणीतरी उघडतंय.

कुर्डुवाडीकर
माढा मतदारसंघवाले पण पाठवा रे, कुर्डुवाडी त्यात येते. प्रश्नात कारखान्याचे संवर्ग वेगळे मागा, नाहीतर रुळावरच्या लोकांत मिसळून देतील.