परदेशात शिकताना पहिल्याच सुट्टीत घरी जावं का?

भटकभवानी:
मास्टर्सचं पहिलं वर्ष संपत आलंय. सुरुवातीला बाकीचे रडत होते तेव्हा मी मजेत होते, आणि आता बस, लायब्ररी, लॉन्ड्री सगळं अंगवळणी पडलंय तर रात्री लाइट बंद केला की घसा दाटून येतो. सुट्टीत जायचं मनात आहे पण गेल्यावर परत यावंसंच नाही वाटलं तर? किंवा उलटं, तिथेही करमलं नाही तर मग घर उरलं कुठे? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

उंटावरचा शहाणा:
उशिरा आठवण येण्यात विशेष काही नाही. फुलब्राइट या अमेरिकी स्कॉलरशिपवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांवर लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाचा १९५५ चा पेपर आहे, त्यात सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाच्या वर राहिलेलेही बरे, मधलेच जास्त अडखळलेले. तू नेमकी त्या मधल्या पट्ट्यात आहेस. नव्याची नवलाई संपली की मग कळतं, इथे आपल्याला आधीपासून ओळखणारं कोणीच नाहीये.

निळी शाई:
सगळ्यांना लागू नाही हां ते. न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांवरचा १९९८ चा अभ्यास आहे, त्यात सगळ्यात वाईट हाल पोचल्या पोचल्याच होते, माझेही तसेच.
मला काय उपयोगी पडलं सांगते, फालतू वाटेल. रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावायचा, लॅपटॉप टेबलावर ठेवायचा आणि बोलायचंच नाही. आई तिची कामं करतेय, बाबा मधेच चष्मा शोधत कॅमेऱ्यासमोरून जातायत, मी असाइनमेंट टाइप करतेय. 'अभ्यास कसा चाललाय, तब्येत बरी ना' वाल्या कॉलने उलट जास्त परकं वाटायचं, रोज रिपोर्ट दिल्यासारखं. घरी कोण कुणाशी सारखं बोलत असतं?

भटकभवानी:
हे भारी आहे, करून बघते. पण जाऊ की नको?

चालता बोलता:
जा. घरच्या ओढीवर योहानेस होफरने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वैद्यकीय प्रबंध लिहिला, पठ्ठ्या स्वतःच तेव्हा १९ वर्षांचा विद्यार्थी! त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका मुलाची केस आहे, तापाने फणफणलेला, वाचायची आशा नाही, शेवटी घरी पाठवायचं ठरलं तर ते कळूनच त्याला तरतरी आली आणि घर यायच्या आधी वाटेतच बरा झाला. म्हणजे त्याला गुण आला तो जाता येतंय एवढ्यानेच.
फक्त व्हिसावर परत एन्ट्री मिळते ना ते आधी बघ, सिंगल एन्ट्री असली की घोळ होतो. आणि तुझ्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा असतील, टॉवेल कुठे ठेवलेत ते तुला विचारावं लागेल. पहिले दोन दिवस याचा जाम राग येतो. येऊ दे.

उंटावरचा शहाणा:
+१. घरी परतल्यावर पुन्हा अडखळतो त्या दुसऱ्या खड्ड्याबद्दल गलाहॉर्न या संशोधक नवरा-बायकोने १९६३ लाच लिहून ठेवलंय.

भटकभवानी:
मल्टिपल एन्ट्री आहे, चेक केलं. तीन आठवडे जाऊ की सहा?

निळी शाई:
तीन. त्यानंतर घरचे आपापल्या कामाला लागतात आणि तू दिवसभर फोन बघत बसशील, तो तर काय इथेही बघतेसच.